आधी ब्रेक, मग इंजिन

नगरची ओळख रणगाड्यांशी जोडलेली आहे. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, रणगाडा संग्रहालय इथे, आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी डीआरडीओची 'व्हीआरडीई'ही इथलीच. तेव्हा गाडी वेगवान करायला तिचं इंजिन बदलावं का, हा प्रश्न आधी रणगाड्याला विचारून पाहू. मार्च २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने टी-७२ रणगाड्यांसाठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाच्या सरकारी कंपनीशी केला. जुनं इंजिन ७८० अश्वशक्तीचं. साडेएकेचाळीस टनांच्या या धुडाला टनामागे १९च्या आसपास मिळणारी अश्वशक्ती आता २४वर जाईल. वाढ जेमतेम सव्वापट. पण तेवढ्यासाठीही चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यासाठी ही इंजिनं बसवण्याचं आणि पुढे तिथेच बनवण्याचं तंत्रज्ञान करारातच मागून घेतलं आहे. इंजिनामागे कारखाना उभा असेल तरच लष्कर त्याला हात घालतं.

हौशी गाडीवाल्याचा हिशेब मात्र बहुधा एकाच आकड्यावर थांबतो. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचं उदाहरण घ्या. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. त्यात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं २३० अश्वशक्तीचं इंजिन टाकलं की पोलो रॉकेट होईल, असं वाटतं. पण त्या इंजिनाचा टॉर्क ३५०, आणि पोलोचा सात गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जास्तीत जास्त २५०साठी बनवलेला. म्हणजे गिअरबॉक्स बदला. मग ड्राइव्हशाफ्ट, रेडिएटर, वायरिंग, इंजिनाचा कॉम्प्युटर, माउंटिंग. एवढं करून पदरात काय पडतं? हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे शक्ती दुपटीवर गेली तरी कमाल वेग तीसेक टक्केच वाढतो. आणि कोपरगाव-शिर्डीवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मर्यादा आहे १२०ची, जी मूळ पोलो हसतहसत गाठते.

यावर उत्तर ठरलेलं असतं: कमाल वेग कोणाला हवाय, आम्हाला पिकअप हवा, घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी उसळली पाहिजे. मुद्दा रास्त आहे. पण उसळलेली गाडी थांबवावीही लागते. १२०ऐवजी १५०ला ब्रेक मारला तर जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि डिस्क-पॅड मात्र जुनेच. म्हणून पैसे आधी टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर घालावेत. शक्तीही वाढवायची असेल, तर रीमॅपिंग, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पण त्याने क्लच, गिअरबॉक्सवर ताण येतो आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, हे कोणी फारसं सांगत नाही.

दुसरा आक्षेप हक्काचा असतो: गाडी माझी, इंजिन माझं. कायदा तसं मानत नाही. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपनीला त्याचा नमुना व्हीआरडीई किंवा पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो; ती मंजुरी असते त्याच इंजिनासह, त्याच धुरासह. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीच्या मंजूर किटला त्यात वाट ठेवलेली आहे. ऑक्टाव्हियाच्या इंजिनाला नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महाग पडेल तो अपघातानंतर विमा कंपनीशी घातलेला वाद.

इंजिनच दमलं असेल, ऑइल खात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे बोअर-पिस्टनचं काम करावं, नाहीतर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवून आरटीओत नव्या इंजिन नंबरची नोंद करून घ्यावी. आणि २३० अश्वशक्तीची पोलो हवीच असेल, तर ती फक्त रेसट्रॅकवर चालवायची आणि तिथपर्यंत ट्रेलरवर न्यायची. ट्रेलरचा खर्चही मग बजेटमध्ये धरावा.