आझाद मैदान

'आझाद' आणि 'मैदान' या शब्दांचे अर्थ तुम्हांला सांगायला नकोत. हे शब्द फारसीतून उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. मुंबईत महानगरपालिकेच्या इमारतीमागे याच नावाची मोठी मोकळी जागा आहे.

मुंबईत खोलीभर जागा मिळणे कठीण. मग एवढी जागा रिकामी कशी राहिली? पूर्वी मुंबईच्या किल्ल्याला तट होता. तोफांचा मारा करताना अडथळा येऊ नये, म्हणून इंग्रजांनी तटासमोरची जमीन मोकळी ठेवली. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या शिपायांना त्यांनी याच भागात तोफेच्या तोंडी दिले. पुढे १८६० नंतर तट पाडला गेला. मोकळ्या जमिनीवर रस्ते व इमारती झाल्या; तरी काही मैदाने उरली. आझाद मैदान त्यांपैकीच एक.

येथे सुट्टीच्या दिवशी अनेक सामने एकाच वेळी चालू असतात. एका सामन्याचा खेळाडू दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा दिसतो. चेंडू नेमका कोणाचा, हे त्यांना कसे कळते कोण जाणे! फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी येथेच ६६४ धावांची अखंड भागीदारी केली.

पण हे मैदान केवळ खेळाडूंचे नाही. मैदानाचा एक कोपरा सभा आणि धरण्यांसाठी आहे. सरकारपुढे आपले म्हणणे मांडायला गावोगावचे लोक येथे येऊन बसतात. आम्हां शिक्षकांनाही ही जागा चांगली माहीत आहे.

६ मार्च २०१८ रोजी हजारो शेतकरी नाशिकहून पायी निघाले. त्यांत आदिवासी स्त्री-पुरुष पुष्कळ होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ते ११ मार्चला मुंबईत पोहोचले. अनेकांचे पाय सोलून निघाले होते. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता, तर रस्ते अडले असते आणि मुलांना उशीर झाला असता. म्हणून शेतकऱ्यांनी मुक्काम आवरता घेतला. शीवहून ते रात्रीच निघाले आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानात येऊन बसले. मुंबईकरांनी त्यांना पाणी, बिस्किटे आणि चपला दिल्या. संध्याकाळी सरकारने मागण्यांबाबत लेखी आश्वासन दिले. त्या रात्री शेतकरी जवळच्याच स्थानकावरून गाडीने घरी निघाले.