सामान्य ख्रिस्ती श्रद्धावंत आणि साक्ष देण्याचे कर्तव्य : विदर्भाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

'धर्मप्रसार' हा शब्द उच्चारताच आपल्या मनात परदेशी मिशनरी, त्याची शाळा आणि त्याचा दवाखाना उभा राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात ही प्रतिमा निराधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. पुढे १९६२ मध्ये सायरो-मलबार चर्चचा चांदा विभाग स्थापन झाला व १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे मुख्य मंदिर बल्लारपूर येथे आहे. तथापि ख्रिस्ती धर्मविचारानुसार श्रद्धा इतरांना सांगणे हे वेतनधारी प्रचारकाचे काम नसून प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य का मानले जाते आणि गोंडपिपरीसारख्या तालुक्यात त्याचा अर्थ काय होतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

साक्षीची संकल्पना :

नव्या करारात यासाठी वारंवार येणारा शब्द न्यायालयातला आहे : साक्ष. साक्षीदाराने पाहिले-अनुभवले तेवढेच सांगावयाचे असते. निर्णय देणे त्याचे काम नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवितो, ही आज्ञा सर्वपरिचित आहे. परंतु सामान्य श्रद्धावंताच्या दृष्टीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री अधिक महत्त्वाची वाटते. ती विहिरीवर घागर टाकून गावात जाते आणि लोकांना 'येऊन पाहा' एवढेच सुचविते. लोक येतात, स्वतः ऐकतात आणि मग तिच्या शब्दावाचूनही विश्वास ठेवतात. प्रेषितांच्या कृत्यांत जेरुसलेममधून छळामुळे पांगलेले लोक सुवार्ता सांगत फिरले असे म्हटले आहे. त्या वेळी प्रेषित मात्र जेरुसलेमातच राहिले होते. म्हणजे पहिला प्रसार पदाधिकाऱ्यांविना झाला. पुढे ल्यूथरने १५२० मध्ये सर्व श्रद्धावंतांच्या याजकत्वाचा पुरस्कार केला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला.

यामागील कारण सोपे आहे. ख्रिस्ती माणूस आपले तारण ही कमाई मानीत नाही, देणगी मानतो. आणि फुकट मिळालेले दडवून ठेवणे हा कृपणपणा ठरतो. आपल्याकडे ही वृत्ती परकी नाही. वारकरी कीर्तनकाराने किंवा खंजिरी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आपला अनुभव स्वतःपुरता ठेवला नाही, याबद्दल विदर्भात कोणी तक्रार करीत नाही.

टिळकांचे उदाहरण :

मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना नवा करार दिला व वाचण्याचे वचन घेतले. तेथे व्यासपीठ नव्हते, मदतीचे आमिष नव्हते. प्रवास संपताच दोघांचे मार्ग वेगळे झाले. टिळकांनी ग्रंथ वाचला, शंका काढल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्याहून बोधप्रद आहे तो घरातला भाग. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाई कोसळल्या. काही काळाने त्या पतीकडे राहावयास आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे व स्वयंपाक वेगळा होता. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या. त्यांचा बाप्तिस्मा टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी झाला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याच्या लक्षात येते की त्यांना पटविण्याचे काम युक्तिवादापेक्षा सहवासाने केले. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले तेही लक्ष्मीबाईंनीच.

आक्षेप आणि मर्यादा :

या कर्तव्यावरील आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. शाळा, रुग्णालये व आर्थिक साहाय्य यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा ठपका समितीच्या १९५६ च्या अहवालात आहे. ख्रिस्ती संस्थांनी तो अमान्य केला. अहवालाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यातील प्रश्न न्याय्य आहे : देणारा बलवान आणि घेणारा गरजू असेल, तर घेणाऱ्याचा होकार कितपत मोकळा? सामान्य श्रद्धावंताची साक्ष महत्त्वाची ठरते ती येथेच. त्याच्याजवळ देण्यासारखी नोकरी नसते, कर्ज नसते. शेजाऱ्याने त्याचे म्हणणे धुडकावले, तर शेजाऱ्याचे काहीच बिघडत नाही. जो शब्द सहज नाकारता येतो, तोच खऱ्या अर्थाने साक्षीचा शब्द.

कायद्याची चौकटही याला जवळची आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील 'प्रसार' या शब्दावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला व तो शब्द राहिला. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा अधिकार त्यात आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही. श्रद्धा बदलणे हा ऐकणाऱ्याचा निर्णय असतो, हे या जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली होती.

वनप्रदेशात आणखी एक पथ्य आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचे लिंगोगीत परधान गायकाकडून उतरवून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी ते प्रसिद्ध केले. गोंडांना सांगावयास आलेला माणूस आधी ऐकावयास बसला होता. पेनपूजेला 'अंधार' म्हणून हिणविणारा साक्षीदार आपलीच साक्ष दुबळी करतो, असे माझे मत आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहावे, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असा आदेश आहे.

'विचारणाऱ्याला' हा शब्द आपल्या व्यवसायात विशेष जपावा लागतो. ख्रिस्ती परिचारिका किंवा प्राध्यापक संस्थेबाहेर सामान्य श्रद्धावंत असतो. रुग्णापुढे व विद्यार्थ्यापुढे मात्र तो अधिकारी असतो. अंतर्गत गुण ज्याच्या हाती आहेत, त्याच्या श्रद्धेला नाही म्हणणे विद्यार्थ्याला कठीण जाते. म्हणून वर्गात त्याने विषय शिकवावा. तोच विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर एखाद्या आठवडी बाजारात भेटला आणि त्याने आपणहून विचारले, तर उत्तर देण्यास प्राध्यापकाला कोणताच प्रत्यवाय नाही.