क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि तडजोडीची बोलणी

कर्ज हा विषय आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराची वही पाहिली, वडिलांच्या पिढीने सोसायटीचे आणि पतपेढीचे हप्ते भरले. आजच्या तरुण पिढीच्या वाट्याला मात्र असे कर्ज आले आहे की ज्यात सावकाराचा चेहराच दिसत नाही. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोपरीत शिरणाऱ्या कितीतरी तरुणांच्या पाकिटात आज दोन-दोन, तीन-तीन क्रेडिट कार्डे आहेत. नोकरी कंत्राटी, पगार वेळेवर येईलच याची खात्री नाही, पण कार्ड मात्र पहिल्याच महिन्यात घरपोच! अशा कार्डाचे पैसे थकले म्हणजे काय करावे, बँकेशी बोलणी कशी करावी, याबाबत समाजबांधव आम्हांस वारंवार विचारतात. आम्ही बँकेत लेखनिक आहोत, वकील नाही. तरीही काउंटरच्या आतून जे दिसते ते सांगणे आमचे कर्तव्य समजतो.

भगवान बुद्धांनी या विषयावर फार नेमके सांगून ठेवले आहे. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिक गृहपतीला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत, त्यांत आनण्यसुख म्हणजे ऋण नसण्याचे सुख हे एक आहे. त्याच निकायातील इणसुत्तात ऋणाच्या दुःखाच्या पायऱ्या क्रमाने येतात: आधी दारिद्र्य, मग ऋण, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. संघात उपसंपदा घेणाऱ्यास ‘तू ऋणमुक्त आहेस ना?’ असे विचारण्याचा विनयाचा नियम आहे. यावरून कोणी असा अर्थ काढू नये की कर्ज काढणेच पाप आहे. परमपूज्य बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांनी नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि दुकानाच्या दारात फोनसाठी घासलेले कार्ड यांतला फरक विद्यार्थी मित्रांना वेगळा सांगायला नको.

आता व्याजाची पायरी पाहू, कारण माणूस अडकतो तो इथेच. समजा साठ हजार रुपये देणे आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले २,१०० रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ३७८ रुपये. एकूण २,४७८. बिलावर ‘किमान देय रक्कम’ पाच टक्के म्हणजे तीन हजार छापलेली असते. आपण इमानेइतबारे तीन हजार भरतो आणि मूळ देणे कमी होते फक्त ५२२ रुपयांनी! त्यात पुन्हा नवी खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. किमान रक्कम भरली म्हणजे हप्ता भरला, ही समजूत काढून टाकावी. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत हा इशारा बिलावरच छापण्यास सांगितले. तो बारीक अक्षरांत असतो आणि वाचत कोणीच नाही.

‘एवढे व्याज कायद्यात बसते का?’ असा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येत नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा, मुद्दल वेगळे आणि व्याज वेगळे काढावे, असे त्यात होते. परंतु बँकेच्या बाबतीत हा आधार मिळत नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१-क प्रमाणे केवळ व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा व्याज कमी होते ते भांडून नव्हे, बोलणी करूनच. मात्र १८७९ च्या कायद्यातली एक गोष्ट आजही आपल्याला करता येते. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, कर किती, हे बँकेकडून लेखी मागावे. या चार आकड्यांशिवाय बोलणीस बसूच नये. न भरलेले दंड व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावू नये, असे २०२२ च्या निर्देशांत होते, तेही या हिशेबात तपासता येते.

बँक तडजोडीला का तयार होते? कार्डाच्या कर्जाला तारण नसते. बिलावरील मुदतीपासून नव्वद दिवसांत किमान रक्कमही आली नाही की ते खाते अनुत्पादक धरले जाते. मग दावा लावायचा तर वकील, वर्षे आणि खर्च. म्हणून काही रक्कम सोडून बाकी रोखीने घेणे बँकेलाही परवडते. ही मेहेरबानी नाही, व्यवहार आहे, हे लक्षात घेऊन ताठ मानेने बोलावे. मुद्दल बुडवा असे आम्ही कोणास सांगणार नाही. जे वापरले ते फेडणे हे सम्यक आजीविकेत येते. पण वाढत गेलेले व्याज आणि दंड यांवर बोलणी करण्यात कमीपणा नाही.

आमच्या मते तडजोड हा पहिला मार्ग नव्हे. आधी पूर्ण देणे कमी व्याजाच्या हप्त्यांत बसवून मिळते का ते विचारावे, नाहीतर पतपेढीकडून स्वस्त कर्ज घेऊन कार्ड बंद करता येते का ते पाहावे. नोकरी गेली, घरात आजारपण आले, आणि पूर्ण फेड शक्यच नाही अशी स्थिती असेल तरच तडजोडीचा अर्ज करावा. त्यासोबत कारणाचे पुरावे जोडावेत: नोकरी सुटल्याचे पत्र, दवाखान्याची बिले, पगाराचे उतारे. आपण किती देऊ शकतो हा आकडा घरात बसून, बायको-आईला विचारून आधी ठरवावा. दबावाखाली फोनवर ठरवू नये. पहिला आकडा त्याच्या खालचा सांगावा. एकरकमी देण्याची तयारी असली तर बँक अधिक सोडते. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी घालून दिलेल्या चौकटीत, तडजोडीची रक्कम भरण्यास तीन महिन्यांपेक्षा अधिक मुदत दिली तर ती कर्जाची पुनर्रचना मानावी असे म्हटले आहे. ‘दोन वर्षांत थोडे थोडे देतो’ याला बँकेचा माणूस नाही म्हणतो, त्यामागचे एक कारण हे आहे.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि आपले लोक चुकतात ती येथे. वसुली एजंट फोनवर सांगतो, ‘आज पंचवीस हजार टाका, खाते बंद करून देतो.’ माणूस उसनेपासने करून, कधी घरातले डोरले गहाण ठेवून पैसे टाकतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या एजंटचा फोन येतो, आणि पहिल्याने दिलेल्या वचनाची बँकेत कोठेही नोंद नसते. म्हणून बँकेच्या पत्रावर, कार्डाचा क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख आणि ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ हे शब्द असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पैसे कार्डाच्या खात्यातच भरावेत, एजंटच्या हातात किंवा त्याच्या खासगी मोबाइल क्रमांकावर कदापि नाही. पुढच्या तारखांचे चेक देण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण कार्डाचे देणे दिवाणी असले तरी चेक परत गेला की कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. ठरलेली तारीख चुकली तर सहसा तडजोडच मोडते. पैसे भरल्यावर ‘देणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा आणि पत्र, पावती, दाखला एकत्र जपून ठेवावे. ज्या बँकेचे कार्ड थकले त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर बहुतेक करारांत खात्यातून परस्पर वळते करून घेण्याचे कलम असते. ते आधी वाचावे.

तगादा आणि पाठलाग या पायऱ्यांवर माणूस खचतो. वस्तीत दारासमोर कोणी मोठ्याने नाव घेऊन पैसे मागितले की घरच्यांना तोंड दाखवणे अवघड होते. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास, धमकीस, चारचौघांत अपमान करण्यास, नातेवाईक-मित्रांना त्रास देण्यास मनाई केली. असे झाले तर वेळ, क्रमांक, शब्द लिहून ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. ‘पोलीस उचलतील’ ही धमकी तर निव्वळ थाप आहे. बुद्धकाळी ऋणको बंधनात पडत असे, पण केवळ ऐपत नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात स्पष्ट केले. ‘आम्ही कर्ज मिटवून देतो’ म्हणून आगाऊ फी घेणाऱ्या मध्यस्थांपासूनही दूर राहावे. ते जे करतात ते आपण स्वतः करू शकतो.

पुष्कळदा बँक दाव्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवते आणि नोटीस येते. नोटीस पाहून घाबरू नये व गैरहजरही राहू नये. तेथे आपल्या संमतीवाचून काही ठरत नाही. मात्र एकदा सही झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून झेपणार नाही त्या रकमेला होकार देऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस तसेच कोणत्याही स्त्रीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या, म्हणून जातीचा दाखला असलेल्या आपल्या बांधवांनाही हा हक्क आहे. पश्चिमेला जिल्हा न्यायालयात ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. पूल ओलांडून जायचे एवढेच.

तडजोडीची किंमतही असते. पतमाहिती कंपनीच्या अहवालात अशा खात्यापुढे ‘क्लोज्ड’ न लिहिता ‘सेटल्ड’ लिहिले जाते आणि ती नोंद कित्येक वर्षे राहते. तडजोड करणाऱ्या त्या बँकेने किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये, असेही २०२३ च्या चौकटीत आहे. पुढे ऐपत आल्यावर सोडलेली रक्कम भरून नोंद बदलून घेण्याची विनंती बँकेला करता येते. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या घराशी थेट जोडलेली आहे, कारण शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि बँक त्यांचाही अहवाल काढते. वर्षातून एकदा हा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असेल, भरलेले देणे अजून बाकी दिसत असेल, तर बँक व कंपनी दोघांकडे तक्रार करावी. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केली. जूनमध्ये शैक्षणिक कर्जाचा अर्ज करायचा असेल तर आई-वडिलांचा अहवाल जानेवारीतच काढून पाहावा, म्हणजे दुरुस्तीला वेळ हाताशी राहतो.