जाड अक्षराला रुंदी लागते

२०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि जिल्ह्यातल्या पाट्या बदलायचं काम निघालं. जुन्या नावात सात अक्षरं, पण काना-मात्रा-वेलांटी काहीच नाही. सगळी शिरोरेघेखाली ओळीनं उभी. नव्या नावात एक अक्षर कमी. मात्र ‘हि’ची वेलांटी शिरोरेघेच्या वर जाते आणि ‘ल्या’ जोडाक्षर. जुन्याच पत्र्यावर हे नाव बसवायचं तर अक्षराची उंची कमी करावी लागते.

देवनागरीचं दुखणं इथंच आहे. रोमन कॅपिटल अक्षर पाटीची सगळी उंची खातं. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते. म्हणजे जाडी वाढवायला उभी जागा नाहीच. ‘पाथर्डी’ ठळक लिहून पाहा. ‘थ’ची गाठ बुजते, आणि ‘र्डी’वर रफार व दीर्घ वेलांटी एकमेकांना चिकटून गोळा होतो. पोटातली पांढरी जागा वाचवायची तर अक्षर आडवंच पसरावं लागतं. ठळक देवनागरी रुंद दिसते ती हौसेनं नव्हे.

१८१६च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅझलन चौथ्यानं रोमन अक्षरांच्या टोकांचे पाय (सेरिफ) छाटून एकसारख्या जाडीचा टाइप दाखवला. देवनागरीला तसे पाय नाहीतच. आपल्या रेघेत बोरूच्या तिरक्या टोकामुळे जाड-बारीक चढउतार येतो, तो काढून टाकला की रेघ सगळीकडे सारखी होते.

नगरचं छापील मराठीशी नातं जुनं. अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथंच सुरू झालं. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी लहानपणी कामाला लागले, आणि पुढं त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचा टाइप देखणाच, पण पुस्तकाचा. लांबून ओळखू यावं असं अक्षर पेंटरच्या ब्रशनं दिलं. शेवगाव, जामखेड, श्रीगोंदा या एसटीच्या पाट्या धावत येणाऱ्या माणसाला वाचता यायच्या, कारण पेंटर अंदाजानं का होईना, पोटातली जागा सोडायचा.

संगणकावर हे काम मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं मनावर घेतलं. त्यांच्या ‘मोदक’ फॉन्टमध्ये जाडी इतकी ताणली आहे की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. चार अक्षरांच्या नावाला ते छान, फलकाच्या मजकुराला नाही. २०२२चा ‘अनेक’ जास्त उपयोगी. दहा लिप्यांतला हा फॉन्ट अरुंद ते रुंद, बारीक ते अतिजाड असा हवा तेवढा ताणता येतो. तो मोफत आहे, त्यामुळे न वापरायला सबब उरत नाही.

दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हा नियम २०२२च्या दुरुस्तीनं राज्यभर कडक झाला. पण मात्रा-उकार धरून मराठी ओळ इंग्रजीएवढीच उंच केली, तर डोळ्याला मराठीच लहान दिसते. मूळ अक्षराची उंची धरून मोजावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याच जाड अक्षराला तीन रंगांची कड, सावली आणि चकाकी देतात. पोटातली राखलेली जागा त्यातच भरून जाते. म्हणून पुढचा फ्लेक्स छापायला द्याल तेव्हा एवढं करा: एकच जाड, रुंद अक्षर घ्या, एकच रंग द्या, कड काढायला लावा, आणि छापण्याआधी रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहा.