आरोग्यविमा लेखापरीक्षा
शासकीय आरोग्यविमा योजनेखाली रुग्णालये, डॉक्टर, प्रयोगशाळा, औषधविक्रेते इ. सेवादात्यांनी मागितलेली रक्कम प्रत्यक्ष दिलेल्या, आवश्यक असलेल्या व योग्य दराने आकारलेल्या सेवेबद्दलच आहे किंवा नाही, याची शासनाने केलेली तपासणी. सामान्य हिशेबतपासणीत खर्चाची नोंद पावतीशी ताडून पाहतात; येथे देयक रुग्णाच्या वैद्यकीय कागदपत्रांशी ताडून पाहावे लागते. विम्याच्या व्यवहारात रुग्ण, सेवादाता व पैसे देणारे शासन असे तीन पक्ष असतात. पैसे देणारा पक्ष उपचाराच्या वेळी हजर नसतो. हजर असलेल्या रुग्णाला देयकाची झळ लागत नसल्याने तो ते सहसा पाहतही नाही. लबाडीला वाव मिळतो तो या रचनेमुळे.

या तपासणीचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. वृद्धांसाठीची ‘मेडिकेअर’ व निर्धनांसाठीची ‘मेडिकेड’ या योजनांचा कायदा १९६५ मध्ये संमत झाला. प्रारंभी रुग्णालयांना झालेल्या वाजवी खर्चाची भरपाई मिळे. साहजिकच खर्च फुगवून दाखविण्याकडे कल असे. १९८३ पासून मेडिकेअरने आजारांचे गट पाडून प्रत्येक गटास ठराविक रक्कम देण्यास आरंभ केला. त्याबरोबर लबाडीचे रूपही पालटले. सौम्य आजार गंभीर गटात दाखविणे, एकत्र आकारावयाच्या चाचण्यांची सुटी देयके करणे, अनावश्यक शस्त्रक्रिया करणे, न दिलेल्या सेवेचे पैसे मागणे आणि रुग्ण पाठविणाऱ्यास दलाली देणे हे तिचे नेहमीचे प्रकार होत. पैसे देण्याची जी पद्धत, तीतूनच लबाडीची रीत जन्मते, असे या इतिहासावरून म्हणता येते.

मेडिकेअरकडे वर्षाला शंभर कोटींहून अधिक देयके येतात आणि निर्दोष दिसणारे देयक ३० दिवसांच्या आत चुकते करावे लागते. त्यामुळे आधी पैसे द्यावयाचे व मागाहून वसुलीसाठी धावावयाचे, अशीच रीत दीर्घकाळ होती. १९७६ मध्ये संबंधित केंद्रीय खात्यात महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. १९७७ च्या कायद्याने दलालीबद्दलची शिक्षा कडक केली. सर्वांत प्रभावी ठरला तो मात्र १८६३ चा एक जुना कायदा. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरविणाऱ्या ठेकेदारांसाठी तो करण्यात आला होता. खोटी मागणी उघडकीस आणणाऱ्या खाजगी व्यक्तीस शासनाच्या वतीने दावा लावता येतो व वसुलीत वाटा मिळतो, ही त्यातील तरतूद १९८६ च्या दुरुस्तीने बळकट झाली. नुकसानीच्या तिप्पट वसुली व प्रत्येक खोट्या देयकामागे वेगळा दंड अशी शिक्षा त्यात आहे. बरीच मोठी प्रकरणे तपासनिसांनी नव्हे, तर हिशेबखात्यातील कारकुनांनी व परिचारिकांनी या कायद्याखाली बाहेर काढली.

प्रत्येक देयक तपासणे अशक्य असल्याने नमुना तपासणीचा अवलंब करतात. समजा, एका दवाखान्याच्या १०,००० देयकांतून यादृच्छिक रीतीने १०० निवडली आणि त्यांत सरासरी ४० डॉलर जादा दिलेले आढळले, तर एकूण जादा रकमेचा अंदाज ४ लक्ष डॉलर होतो. नमुन्यातील चुकीची शक्यता लक्षात घेऊन मेडिकेअरमध्ये सामान्यतः या अंदाजाच्या ९० टक्के विश्वासमर्यादेतील खालची रक्कम मागतात. तरीही शंभर कागदांवरून लाखोंची मागणी उभी राहते. एखाद्या कागदावर डॉक्टरची सही राहून गेली, तर तेवढ्यानेही ते देयक अपात्र ठरू शकते. म्हणूनच ‘अयोग्य प्रदान’ व ‘लबाडी’ या संज्ञांची गल्लत करता कामा नये. मेडिकेअरच्या मूळ योजनेतील अयोग्य प्रदान २०२४ च्या अहवालात ७·६६ टक्के, म्हणजे सुमारे ३१·७ अब्ज डॉलर दाखविले आहे. परंतु त्याचा मोठा भाग अपुऱ्या कागदपत्रांमुळे आहे. वर्तमानपत्रे हाच आकडा लबाडीचा म्हणून छापतात, ते बरोबर नाही.

२००५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या व पुढे देशभर लागू झालेल्या योजनेनुसार खाजगी तपासणी संस्थांना वसुलीवर टक्केवारी मिळू लागली. वसुली वाढली, पण रुग्णालयांची अपिलेही इतकी साचली की, ९० दिवसांत द्यावयाचे निर्णय वर्षानुवर्षे रखडले.

२०१० च्या कायद्याने लबाडीचा ‘विश्वासार्ह आरोप’ पुढे येताच, योग्य कारणाने अपवाद केला नसल्यास, मेडिकेडचे पैसे थांबविणे राज्यांवर बंधनकारक केले. याचा एक परिणाम न्यू मेक्सिको राज्यात दिसला. जून २०१३ मध्ये एका सल्लागार कंपनीच्या तपासणीवरून तेथील शासनाने मानसोपचार व व्यसनमुक्ती सेवा देणाऱ्या १५ संस्थांचे पैसे एकदम रोखले. जादा दिलेली रक्कम सुमारे ३·६ कोटी डॉलर सांगण्यात आली. आरोपांचा तपशील संस्थांना नीट कळविला गेला नाही. पैशाअभावी अनेक संस्था बंद पडल्या. त्यांच्या जागी ॲरिझोना राज्यातून पाच संस्था आणल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक काही वर्षांत निघून गेल्या. दरम्यान राज्याच्या महान्यायवाद्याने चौकशी करून २०१६ पर्यंत सर्व १५ संस्थांना लबाडीच्या आरोपातून मुक्त केले. देयकांत चुका होत्या, गुन्हा नव्हता. ओळखीचा समुपदेशक अकस्मात नाहीसा झालेल्या मनोरुग्णांची हानी मात्र कोणत्याच ताळेबंदात मांडली गेली नाही. तपासणीचा खरा प्रश्न हाच आहे. सैल तपासणीत सार्वजनिक पैसा जातो व अनावश्यक शस्त्रक्रियेने रुग्णाच्या शरीरालाही इजा होते. उतावीळ तपासणीत सेवाच नष्ट होते.

भारतात सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत, तसेच महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, नियोजित उपचारांना पूर्वमान्यता घ्यावी लागते. म्हणजे तपासणीचा काही भाग पैसे देण्यापूर्वीच होतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये केंद्रीय योजनेवरील अहवाल संसदेस सादर केला. ९९९९९९९९९९ या एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी ७,४९,८२० लाभार्थी जोडलेले असल्याचे त्यात आढळले. पूर्वी मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नावे पुन्हा उपचारांची देयके दिल्याचेही त्यात नमूद आहे. भ्रमणध्वनी क्रमांकाचा पात्रता ठरविण्याशी संबंध नाही, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केला.