पाहुणा परदेशी, नोंद घरमालकाची

त्र्यंबकेश्वरला कुशावर्तामागच्या गल्लीत आमच्या चार खोल्या आहेत. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा, त्यामुळे यजमान मुक्कामीच असतात. त्यांत परदेशी पासपोर्टवर आलेली मराठी कुटुंबंही असतात. बोलणं अगदी घरचं, म्हणून नोंद करायची असते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. त्यांच्याकडचं ओसीआय कार्ड म्हणजे आजन्म व्हिसा, नागरिकत्व नव्हे. कायद्याने तो माणूस परदेशीच.

असा पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. जुन्या लोकांच्या तोंडी हा ‘सी फॉर्म’. 1946चा परदेशी नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025पासून नवा कायदा लागू झाला, तरी ही जबाबदारी खोली देणाऱ्यावरच आहे. मी दारातच पासपोर्ट आणि व्हिसा मागते. कुणी रागावलं तरी चालेल.

मुलांच्या कागदांत तर फार गोंधळ असतो. विशीपर्यंत दर नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. नवं ओसीआय कार्ड लागतं ते विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टवर.

ब्रह्मगिरीचा हिरवा डोंगर पाहून कित्येकांना इथे शेत घ्यावंसं वाटतं. ओसीआयधारकाला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येऊ शकते. एजंटाला इसार देण्याआधी वकिलाला विचाराच. खर्च झेपत नसेल तर विधी सेवेचा 15100 हा क्रमांक फिरवा.