कोतवाल आणि पाटील

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडजवळच्या सिद्धगडावर ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून इंग्रजांना जेरीस आणणाऱ्या आझाद दस्त्याचे हे वीर. नेरळ-माथेरानच्या मुलखात ही नावे आजही आदराने जोडीनेच घेतली जातात. विशेष म्हणजे दोन्ही आडनावे मुळात हुद्दे आहेत.

कोतवाल म्हणजे कोट राखणारा. संस्कृत ‘कोटपाल’शी नाते सांगणारा हा शब्द फारसी दरबारांतही रुळला. शहराचा कोतवाल बंदोबस्त पाहणारा बडा अधिकारी. गावचा कोतवाल मात्र तलाठ्याच्या हाताखाली दवंडी देणारा असे. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास, त्याचे ‘कोतवाल’ हे पद होते, आडनाव नव्हे. पुढे अनेक घराण्यांत पदच आडनाव झाले. म्हणून ते एका जातीचे नाही: माथेरानला जन्मलेले भाई नाभिक समाजातले, तर पारशांतही कोतवाल आहेत.

‘पाटील’चे मूळ जुन्या लेखांतल्या ‘पट्टकिल’मध्ये. पाटीलकी गावोगाव होती, त्यामुळे मराठा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत अशा कितीतरी समाजांत पाटील सापडतात. कोतवाल त्यामानाने बरेच कमी.